दात दुखण्याआधीच मुलांचा दंतवैद्य निवडावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुलासाठी बालरोगतज्ज्ञ निवडताना आपण दहा जणांना विचारतो, पण दंतवैद्याच्या बाबतीत त्याच्या चौथाई चौकशीही करत नाही. याचे कारण साधे आहे. बालरोगतज्ज्ञ मूल जन्मते त्याच दिवशी आपल्या घराशी जोडला जातो, दंतवैद्य मात्र मूल मध्यरात्री गाल धरून रडू लागले की मगच आठवतो. त्या घाईत निवड होत नाही, जो दवाखाना उघडा असेल तो गाठला जातो. हे पत्र त्या घाईबद्दल आहे, कारण ती मी स्वतः केली आणि तिची किंमत माझ्या मुलीने मोजली.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. रात्रभर दाढ ठणकत होती आणि सकाळी हिरडीवर पुटकुळी दिसू लागली. मिळेल त्या पहिल्या दवाखान्यात आम्ही तिला नेले. तिला खुर्चीत निजवले, एका मदतनिसाने डोके धरले, दुसऱ्याने हात धरले, मला बाहेर थांबायला सांगितले गेले आणि दार बंद होताना "काही होत नाही, डोळे मीट" एवढे शब्द कानावर आले. दहा मिनिटांत दाढ निघाली. काम चोख झाले होते, हे मान्य करायला हवे. त्या डॉक्टरांना सर्वस्वी दोष द्यावा असेही मला वाटत नाही, कारण दाढ वाचण्याच्या पलीकडे गेल्यावर आम्ही तिथे पोहोचलो होतो. परंतु त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती मला मागच्या दातांवरून ब्रश फिरवू देत नव्हती. ब्रश गालाच्या आत गेला की तिचे दोन्ही हात आपोआप तोंडावर येत.

या उशिराच्या मुळाशी एक वाक्य असते आणि ते आमच्याही घरात बोलले गेले होते : "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत." दुधाचे दात पडणार असतात हे खरे, पण ते केव्हा पडणार हे या वाक्यात नसते. समोरचे पटाशीचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाढेला अजून सहा-आठ वर्षे चावण्याचे काम करायचे असते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवायची असते. ती अकाली गेली, तर शेजारचे दात रिकाम्या जागेकडे सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो. शिवाय दुधाच्या दातावरचे कठीण आवरण पक्क्या दाताच्या आवरणापेक्षा पातळ असते आणि आतली नस तुलनेने मोठी व पृष्ठभागाच्या जवळ असते. मोठ्यांच्या दातात रेंगाळत पुढे सरकणारी कीड लहान मुलाच्या दातात थोड्या महिन्यांत नसेपर्यंत पोहोचते ती त्यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरातील सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. हा आकडा वाचल्यावर आपल्या घरातील प्रसंग अपवादात्मक नव्हता, एवढे मात्र समजते.

मग दंतवैद्याकडे जायचे केव्हा? बालदंतवैद्यकातील सर्वमान्य सल्ला असा आहे की पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि काही झाले तरी पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाची पहिली भेट व्हावी. "दोन-चार दातांसाठी कशाला डॉक्टर?" असे मीही म्हटले असते. परंतु त्या वयात तपासणीला खुर्चीसुद्धा लागत नाही. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसते आणि मग त्याला हळूच मागे झुकवून डोके डॉक्टरांच्या मांडीवर टेकवले जाते. मुलाला आईचा चेहरा दिसत राहतो, त्याचे हात आईच्या हातात असतात आणि दोन मिनिटांत तपासणी संपते. मूल रडते, पण रडताना तोंड उघडे असते, त्यामुळे डॉक्टरांची सोयच होते. या भेटीत हिरडीलगतच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग आहेत का, हे पाहिले जाते. ती किडीची पहिली खूण असते आणि त्या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप आणि घरची नीट निगा एवढ्यावर कीड थांबू शकते, ड्रिलची गरज पडत नाही. त्याहून मोठा लाभ असा की पालकालाही डॉक्टर पारखायला निवांत वेळ मिळतो, कारण त्या दिवशी कोणाचेच काही दुखत नसते.

पारखायचे काय, हा खरा प्रश्न आहे. शेजारीपाजारी विचारले तर "त्यांच्या हाताला गुण आहे" किंवा "हात अगदी हलका आहे" अशी उत्तरे मिळतात. मोठ्यांच्या बाबतीत ती पुरेशी असतील, मुलांच्या बाबतीत नाहीत. भिंतीवरची रंगीत चित्रे, खेळण्यांची टोपली, छताला लावलेला टीव्ही यांनाही मी आता फारसे महत्त्व देत नाही. ती असली तर उत्तमच, पण खेळण्यांची टोपली बाहेरच्या खोलीत असते आणि मुलाची भीती आतल्या खोलीत सुरू होते.

पदवीबाबत सांगायचे तर, दंतवैद्यकाच्या मूळ पदवीनंतर बालदंतवैद्यक या विषयाचे दोन-तीन वर्षांचे स्वतंत्र शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. फार लहान, फार घाबरणारे किंवा विशेष गरजा असलेले मूल असेल, अनेक दात एकदम किडलेले असतील किंवा भूल देऊन उपचार करायचे असतील, तर अशा तज्ज्ञाकडेच जावे. मात्र नेहमीच्या तपासणीसाठी मुलांना रोज पाहणारा, त्यांच्यात रमणारा साधा दंतवैद्यही चांगला असतो. मुलांना तो पाहतो का आणि आठवड्यात साधारण किती मुले येतात, हे फोनवरच विचारता येते. "आणा, बघू" आणि "हो, आम्ही मुलांना सकाळच्या वेळी बोलावतो, तेव्हा ती ताजीतवानी असतात" या दोन उत्तरांतला फरक कानाला लगेच कळतो.

दुसऱ्या डॉक्टरीणबाई आम्हाला अशाच एका फोनवरून सापडल्या. पहिल्या भेटीत त्यांनी मुलीला खुर्चीवर बसवलेच नाही. ती माझ्या मांडीवर होती. बाईंनी तोंड पाहायचा छोटा आरसा तिच्याच हातात दिला आणि तिला स्वतःचे नख त्यात पाहायला सांगितले. मग हवेचा फवारा आधी स्वतःच्या तळहातावर सोडला, नंतर विचारून तिच्या तळहातावर. "आता हाच वारा दातावर सोडू का?" या प्रश्नाला मुलीने नकार दिला. बाई म्हणाल्या, "बरं, मग आज नुसते मोजू." आणि त्यांनी खरोखरच नुसते मोजले. "एकोणीस" असे बाईंनी म्हणताच मुलीने पहिल्यांदा तोंड उघडून वाक्य उच्चारले, "एक काढला." त्या दिवशी कोणताही उपचार झाला नाही. घरी येताना मला क्षणभर वाटले की एक फेरी वाया गेली. तीन भेटींनंतर तिने आपणहून खुर्चीवर चढून मान मागे टेकवली, तेव्हा ती फेरी कशासाठी होती हे कळले.

बाईंनी वापरलेली पद्धत त्यांची स्वतःची नव्हे. आधी सांगायचे, मग दाखवायचे आणि दाखवले तसेच करायचे, ही रीत एच. के. ॲडलस्टन या दंतवैद्याने १९५९ साली मांडली आणि बालदंतवैद्यकाचे विद्यार्थी ती आजही शिकतात. तिच्यात एक अट आहे : सांगितले त्यापेक्षा वेगळे काही करायचे नाही. "फक्त बघणार आहे" असे म्हणून पाठीमागे सुई लपवणारा डॉक्टर त्या दिवसाचे काम साधतो, पण पुढच्या सगळ्या भेटी घालवून बसतो. "अजिबात दुखणार नाही" हे आश्वासनही तसेच. आमच्या बाई म्हणत, "आधी हिरडीवर मलम लावते, मग जरा टोचेल, तू पाचपर्यंत मोज." आणि पाच म्हणेपर्यंत ते खरोखर संपत असे. मुलांना दुखण्यापेक्षा फसवणूक जास्त लक्षात राहते, असे माझे या अनुभवावरून मत झाले आहे.

आई किंवा वडील आत थांबू शकतात का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. काही मुले पालक समोर नसताना जास्त शांत राहतात आणि एखादा अनुभवी डॉक्टर तसे सुचवतो, त्यात गैर काही नाही. पण कारण न देता दार बंद करणे निराळे. मुलाला धरून ठेवावे लागणार असेल, तर ते का, किती वेळ आणि दुसरा मार्ग कोणता, हे आधी सांगून पालकाची संमती घेतली गेली पाहिजे. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची रीत एके काळी या शास्त्रात रीतसर मान्य होती आणि अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या संघटनेने ती आपल्या मार्गदर्शक सूचनांतून २००६ मध्ये वगळली. इतक्या अलीकडेपर्यंत ती होती, हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसले होते.

यानंतर येतो उपचारांचा सल्ला. माझ्या दृष्टीने डॉक्टरची खरी परीक्षा इथे होते. किडलेल्या दुधाच्या दातावर एकच एक उपाय नसतो. कीड वरवरची असेल तर फ्लोराइडचा लेप देऊन काही महिन्यांनी पुन्हा पाहता येते. मूल फार लहान असेल आणि ड्रिल सहन करणार नसेल, तर चांदीचे संयुग असलेले सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे औषध थेंबभर लावून कीड जागीच थोपवता येते. मात्र त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो आणि मोडलेला दात भरून येत नाही, हे लावण्याआधीच सांगितले गेले पाहिजे. दाढेची कीड नसेपर्यंत गेलेली नसेल, तर तिच्यावर न कोरता, न टोचता स्टीलची तयार टोपी सिमेंटने बसवण्याची एक पद्धत आहे. ती स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंच्या नावाने ओळखली जाते. आत बंद झालेल्या किडीला बाहेरून काही मिळेनासे होते आणि ती थबकते. चावताना ती टोपी सुरुवातीला उंच लागते, पण काही आठवड्यांत मुलाचा चावा आपोआप जुळून येतो. नसेपर्यंत कीड गेली असेल, तर वरच्या भागातील नस काढून औषध भरणे आणि वर टोपी बसवणे हा मार्ग आहे. तोही उरला नसेल, तर दाढ काढणे आणि गरज असल्यास जागा राखणारी तार बसवणे.

हे सगळे पालकाला पाठ असण्याची गरज नाही. पण डॉक्टरांनी यांतले दोन-तीन मार्ग समोर ठेवून "तुमच्या मुलासाठी मी हा सुचवते, कारण असे असे" असे म्हटले पाहिजे, आणि "आज काहीच केले नाही तर काय होईल?" या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले पाहिजे. हा प्रश्न ऐकून जो रागावतो, त्याच्याकडे मूल नेऊ नये. पहिल्याच भेटीत आठ दात भरायला काढून "आजच सुरू करू" म्हणणाऱ्यापाशी थांबून कोणते दात, कोणत्या क्रमाने आणि किती खर्चात, हे लिहून मागावे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. दुसरे मत घेताना आपण संकोचतो, जणू काही कोणाचा अपमान करतो आहोत. चांगल्या डॉक्टरला त्यात काहीही वाटत नाही, उलट तो एक्स-रेची प्रत स्वतःहून देतो. उलट बाजूचाही धोका सांगायला हवा. "दुधाचा आहे, राहू द्या" असे म्हणून न पाहताच परत पाठवणारा डॉक्टर पालकांना फार आवडतो, कारण तो खर्च आणि रडारड दोन्ही वाचवतो. आमची दाढ अशाच एका सल्ल्यावर सहा महिने राहिली होती.

चांगला डॉक्टर प्रश्नही विचारतो. बाळ दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपते का, दिवसातून किती वेळा गोड खाल्ले जाते, एखादे गोड सिरपचे औषध बरेच दिवस चालू आहे का. झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवर राहिलेली साखर धुतली जात नाही, हे आमच्या बाईंनी समजावले ते आरोप न करता. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट पुरते, हेही त्यांनी ब्रशवर काढून दाखवले. तोपर्यंत आम्ही जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लाट काढत होतो.

एक्स-रेबद्दल इतकेच, की तो का हवा याचे कारण मिळाले की तो जरूर काढू द्यावा, कारण दोन दाढांच्या मधली कीड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. उपकरणांची बंद पाकिटे आपल्यासमोर फोडली जातात का, हातमोजे प्रत्येक मुलामागे बदलले जातात का, हे पाहायला शिक्षण लागत नाही, फक्त मोबाइल खाली ठेवावा लागतो. सुन्न करण्याच्या इंजेक्शनाआधी मुलाचे वजन विचारले गेले का, याकडे मी आता आवर्जून लक्ष देते, कारण त्या औषधाची मर्यादा वजनावर ठरते. त्यानंतर दोन-तीन तास ओठ बधिर असतो आणि मुले तो गंमत म्हणून चावून रक्ताळून घेतात, हा इशारा न देता घरी पाठवणारा डॉक्टर निष्काळजी म्हटला पाहिजे.

भुलीचा विषय मात्र घाईने उरकू नये. नाकावर मास्क लावून दिल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडने मूल जागे आणि बोलते राहते आणि तो वायू बंद करून ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत त्याचा अंमल उतरतो. गाढ गुंगी किंवा पूर्ण भूल ही वेगळी गोष्ट आहे. तिथे दातांचे काम करणाऱ्या डॉक्टरखेरीज मुलाचा श्वास, नाडी आणि रक्तातील ऑक्सिजन यांवरच लक्ष ठेवणारी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती संपूर्ण वेळ हजर असलीच पाहिजे. ती कोण, तिचे शिक्षण काय, प्राणवायूची आणि तातडीची सोय खोलीतच आहे का, मुलाला किती तास उपाशी ठेवायचे, हे प्रश्न विचारताना भिडेखातर मागे सरू नये. "दोन्ही मीच सांभाळतो" हे उत्तर मिळाले, तर मुलाला कडेवर घेऊन बाहेर पडावे.

दवाखान्याच्या वेळेबाहेर फोन कोण उचलतो, हेही आधीच विचारून ठेवलेले बरे. पडून पक्का दात मुळासकट निघाला, तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरून लगेच जागेवर बसवायचा किंवा दुधात ठेवून तासाभराच्या आत डॉक्टर गाठायचा असतो. दुधाचा दात निघाला, तर मात्र तो परत बसवायचा नसतो, कारण खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. हा फरक त्या गोंधळात आठवत नाही, म्हणून फोनच्या पलीकडे कोणीतरी असावे लागते.

पालकांच्या पदरातही थोडे माप टाकते. "गप्प बस, नाहीतर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचायला लावीन" हे वाक्य आपण वर्षभर वापरायचे आणि मग डॉक्टरने पाच मिनिटांत मुलाचा विश्वास जिंकावा अशी अपेक्षा धरायची, हे काही बरोबर नाही.

मुलीला नुकतीच सहा वर्षे पूर्ण झाली. काही महिन्यांपूर्वी तिच्या शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पांढरे टोक दिसले, ती मला आणखी एक दुधाची दाढच वाटली. बाईंनी आरशात दाखवून सांगितले की ही पक्की दाढ आहे, ती कोणताही दात न पडता मागून गुपचूप येते आणि म्हणूनच पालकांच्या लक्षात येत नाही. दाढ पुरेशी वर आल्यावर तिच्या खोल खाचांत कीड बसू नये म्हणून परवा सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारे पातळ आवरण, भरले. दात कोरडा करायला कापूस ठेवला होता. डावा हात वर केला की थांबायचे, असा दोघींचा जुना करार आहे. मुलीने दोनदा हात वर केला आणि बाई दोन्ही वेळा थांबल्या. ते आवरण घट्ट करणारा निळा दिवा विझल्यावर तिने तिसऱ्यांदा हात वर केला. कापूस निघाल्याबरोबर तिने विचारले, "म्हणजे आता परत वीस झाले?"

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक आणि पालक